निदान : बंद पडलेल्या इंजिनाचा इतिहास

मराठीत 'निदान' हा शब्द दोन घरांत नांदतो. वैद्य रोग्याची नाडी पाहून जे सांगतो ते एक निदान, आणि 'निदान पाणी तरी द्या' या विनवणीतले दुसरे. पहिले कारणाचा शोध घेते, दुसरे किमान मागणी करते. मागे संस्कृतात गेलो तर ऋग्वेदाच्या काळी या शब्दाचा अर्थ बांधण्याचा दोर असा होता असे कोशकार सांगतात. कार्याला त्याच्या कारणाशी बांधणारा दोर म्हणजे निदान, हा अर्थ पुढे आला. 'यंत्र' या शब्दाच्या मुळाशीही आवरून धरण्याचीच क्रिया आहे. म्हणजे यंत्र बंद पडल्यावर त्याचे निदान करणे ही भाषेच्या दृष्टीने सुटलेली बांधणी पुन्हा हुडकण्याची क्रिया होय. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. धावत्या गाडीचे, विशेषतः शर्यतीच्या मार्गावर पूर्ण वेगात असलेल्या गाडीचे इंजिन एकाएकी बंद पडते, तेव्हा त्याचे कारण माणसाने कसकसे शोधले आणि दोष कोणाकोणाच्या माथी मारला, हे पाहायचे आहे. बीडसारख्या जिल्ह्यात बसून हा विषय का घ्यावा, असा प्रश्न वाचकाला पडेल. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात यावे.

आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला 'माधवनिदान' हा ग्रंथ अपरिचित नसतो. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास माधवकराने रचलेला हा ग्रंथ उपचार सांगतच नाही, फक्त रोग ओळखायला शिकवतो. त्याच्या आरंभी रोगज्ञानाची पाच साधने दिली आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. निदान म्हणजे हेतू. पूर्वरूप म्हणजे रोग प्रकट होण्यापूर्वीची अस्पष्ट चाहूल. रूप म्हणजे प्रत्यक्ष लक्षण. उपशय म्हणजे काही उपाय करून पाहायचा आणि आराम पडतो की त्रास वाढतो यावरून रोग ठरवायचा. आणि संप्राप्ती म्हणजे हेतूपासून लक्षणापर्यंत रोग कोणत्या वाटेने गेला त्याचा पूर्ण वृत्तान्त. आपण साहित्याचे अभ्यासक तिला कथानक म्हणू. यंत्राच्या निदानाला या पाच शब्दांपेक्षा चांगली चौकट निदान मला तरी सापडलेली नाही, आणि इंग्रजी कारखान्यांच्या पुस्तकांत ती इतक्या नेटकेपणाने आढळत नाही.

आता गाडीकडे वळू. वळणावळणाच्या मार्गावर एक वेगवान गाडी फेऱ्या मारते आहे. सरळ रस्त्यावर तिचे इंजिन मिनिटाला 6,000 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 100. इंजिनाच्या पोटात क्रँकशाफ्ट फिरतो, त्याला कनेक्टिंग रॉड जोडलेले असतात आणि या दोहोंमध्ये बेअरिंगच्या पातळ वाट्या असतात. धातू धातूला प्रत्यक्ष लागत नाही. मध्ये ऑइलचा थर असतो, आणि तो केसापेक्षाही कितीतरी पातळ, मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावा असा. तेवढ्या थरावर सारा डोलारा तरंगतो. हे ऑइल इंजिनाच्या तळाशी, ज्याला आपल्याकडचे मेकॅनिक चेंबर म्हणतात, तिथे साठलेले असते, आणि पंप ते तळातल्या एका नळीने खेचून वर पाठवत राहतो.

गाडी वेगात वळणावर आली की चेंबरमधले ऑइल बाहेरच्या बाजूला सरकते. ताटातले वरण ताट कलल्यावर सरकते तसेच, फक्त इथे ताट कललेले नसते. वळणाचा आडवा जोर गुरुत्वाकर्षणाइतका झाला, तर ऑइलची पातळी तब्बल 45 अंशांनी तिरपी होते. चांगल्या टायरच्या गाडीला एवढा जोर सहज साधतो. वळण लांब असेल तर ऑइल एका भिंतीला जाऊन चिकटते, नळीचे तोंड उघडे पडते आणि पंप ऑइलऐवजी हवा ओढू लागतो. दोन सेकंद हवा ओढली म्हणजे 200 फेरे. वळण संपते, ऑइल परत येते, दाब पूर्ववत होतो, चालकाला काहीही कळत नाही. पुढच्या फेरीत पुन्हा तेच वळण, पुन्हा तेच दोन सेकंद. बेअरिंगचा मऊ लेप प्रत्येक खेपेला थोडा थोडा खरवडला जातो. मग कधीतरी, बहुधा सरळ रस्त्यावर आणि जोर पूर्ण असताना, खालून ठोका ऐकू येतो आणि इंजिन जाम होते. पाहणाऱ्याला वाटते की गाडी 'अचानक' बंद पडली.

'अचानक' हा पाहणाऱ्याचा शब्द आहे, यंत्राच्या शब्दकोशात तो नसतो. आजकालच्या गाडीत दाबाची नोंद क्षणोक्षणी होत असते. ती नोंद मागे नेऊन पाहिली की आलेखावर प्रत्येक फेरीत, नेमक्या त्याच वळणावर, एक खळगा दिसतो. हे पूर्वरूप. ऑइल फिल्टर कापून त्याची घडी उलगडली की आत चकाकी सापडते, आणि ती तांबूस असेल तर वरचा लेप संपून खालचा तांब्याचा थर उघडा पडला असे समजावे. हे रूप. पण हा झाला एक मार्ग. इंजिन थांबण्याचे इतरही मार्ग आहेत, आणि अनुभवी माणूस ते कानाने वेगळे करतो. कोणीतरी दिवा घालवावा तसे इंजिन एका क्षणात निःशब्द झाले, तर संशय विजेच्या तारेवर. आचके देत, खोकत गेले, तर इंधनावर. आवाज करून गेले, तर धातूवर. मग पहिली परीक्षा अत्यंत साधी असते : हाताने क्रँक फिरवून पाहणे. फिरत नसेल तर जाम. फारच हलका फिरत असेल तर टायमिंगचा पट्टा तुटला, व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळले. नेहमीसारखा अडत-अडत फिरत असेल तर ठिणगी, इंधन आणि कॉम्प्रेशन या तिघांची एकेक करून चौकशी. पाश्चात्त्य रेस टीम लाखोंची उपकरणे घेऊन हिंडते, तरी हाताने क्रँक फिरवण्यापासूनच आरंभ करावा लागतो.

या शास्त्राला एक इतिहास आहे आणि तो चुकीच्या निदानांनी भरलेला आहे. गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मोटारींच्या इंजिनांत एक विचित्र ठणठणाट ऐकू येऊ लागला. त्याला 'नॉक' म्हणत. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने 1912 मध्ये कॅडिलॅक गाडीला बॅटरीवर चालणारा स्टार्टर आणि नवी ठिणगीव्यवस्था दिली होती. सारे जण ठणठणाटाचा दोष त्याच ठिणगीला देऊ लागले. नवे जे आले तेच अपराधी, हा न्याय मानवी स्वभावाला धरूनच आहे. केटरिंगचा सहकारी थॉमस मिजली याने सिलिंडरच्या आत काय घडते ते टिपण्याची साधने जुळवली, आणि दोष ठिणगीचा नसून इंधनाचा आहे असे दाखवून दिले. ठिणगी पडल्यानंतर ज्वाला पसरत असते, तिच्या पुढे दाबले गेलेले उरलेले मिश्रण आपोआप भडकते आणि पिस्टनवर घणाघात करते. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो याच दिशेने स्वतंत्रपणे शोध घेत होता. निदान बरोबर होते. पण 1921 मध्ये मिजलीने त्यावर जो उपाय काढला तो शिशाचा, टेट्राएथिल लेड. इंजिने शांत झाली आणि जगभरच्या रस्त्यांवर शिसे धुरातून पसरले. भारतातले शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झाले, जगातले 2021 मध्ये. निदान अचूक असूनही उपचार विषारी असू शकतो, याची माधवकराला कदाचित कल्पना असावी. म्हणूनच की काय, त्याने दोन्ही गोष्टी एका ग्रंथात आणल्या नाहीत.

शर्यतींच्या इतिहासात एक वॉशर फार प्रसिद्ध आहे. 29 डिसेंबर 1962 रोजी दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन येथे त्या वर्षीची अखेरची ग्रां प्री झाली. जिम क्लार्क आघाडीवर होता. ती शर्यत त्याने जिंकली असती तर जागतिक अजिंक्यपद त्याचे होते. 82 फेऱ्यांपैकी 60 च्या वर फेऱ्या झाल्यावर त्याच्या लोटसमागे निळसर धूर दिसू लागला. तो थांबला, आणि अजिंक्यपद ग्रॅहम हिलला मिळाले. तपासात आढळले की इंजिनातला एक बोल्ट सैल होऊन निघून गेला होता आणि त्या भोकातून ऑइल वाहून गेले. बोल्टखाली जो लॉक वॉशर बसवायचा तो बसवलेलाच नव्हता. इथे निदान संपते असे आपल्याला वाटते, कारण वॉशर ही दाखवता येण्याजोगी वस्तू आहे, किंबहुना तिचा अभाव दाखवता येतो. पण वॉशर का राहिला? बसवणारा थकला होता का? तपासणाऱ्याला किती वेळ होता? निदानाचा दोर कुठे तोडायचा हे शोधकाच्या सोयीवर ठरते. दोन वर्षांनी, 1964 च्या ऑक्टोबरात मेक्सिकोमध्ये, अखेरच्या शर्यतीच्या अगदी शेवटी क्लार्कचे ऑइल पुन्हा गळाले आणि अजिंक्यपद पुन्हा गेले. दोन्ही वेळा गाडी वेगाने कमी पडली नव्हती. ज्याच्याकडे कोणी पाहत नाही असा द्रव संपला होता.

दोष माणसाकडे वळवण्याची ओढ किती जबर असते त्याचे एक अलीकडचे उदाहरण आहे. 2 ऑक्टोबर 2016 रोजी मलेशियात लुईस हॅमिल्टन आघाडीवर असताना त्याच्या मर्सिडीजने पेट घेतला. मर्सिडीजची इंजिने त्या वर्षी चार संघांच्या गाड्यांत होती. मग बिघाड माझ्याच इंजिनात का, असे त्याने शर्यतीनंतर लगेच बोलून दाखवले. शंकेचा रोख यंत्राकडे नव्हता हे उघड होते. पुढे कंपनीने इंजिन खोलून सांगितले की एका वळणातून बाहेर पडताना ऑइलचा दाब गेला आणि बेअरिंग निकामी झाले. त्या हंगामात तो 5 गुणांनी हरला. विश्वासघाताची शंका आणि बेअरिंगची वाटी, यांपैकी हृदयाला पहिलीच पटते. शोकान्तिकेला खलनायक लागतो, आणि ऑइल हा खलनायक होऊ शकत नाही.

त्याच वर्षीची दुसरी घटना अधिक विलक्षण आहे. फ्रान्समधील ले मॉं येथे 24 तासांची स्पोर्ट्स कारची शर्यत असते. 19 जून 2016 रोजी 23 तास 57 मिनिटे होत आली होती. टोयोटाची 5 क्रमांकाची गाडी आघाडीवर होती. काझुकी नाकाजिमा चालवत होता, अँथनी डेव्हिडसन आणि सेबास्तियां बुएमी हे त्याचे जोडीदार कठड्याजवळ उभे होते. टोयोटाने ही शर्यत तोवर एकदाही जिंकली नव्हती. तेवढ्यात रेडिओवर नाकाजिमाचा आवाज आला की गाडीत शक्तीच उरलेली नाही. गाडी प्रेक्षकांसमोर, आरंभरेषेपाशीच थांबली आणि पोर्शेची गाडी बाजूने निघून गेली. संघाने नियंत्रणाच्या मांडण्या बदलून पाहिल्या. हा उपशय : औषध देऊन पाहायचे, उतार पडला तर रोग कळला. उतार पडलाही. गाडी पुन्हा निघाली आणि अखेरची फेरी तिने पूर्ण केली. पण अखेरच्या फेरीला 6 मिनिटांची मर्यादा होती आणि तिला जवळजवळ दुप्पट वेळ लागला, म्हणून निकालपत्रात तिला स्थानच मिळाले नाही. पहिली तर नाहीच, दुसरीही नाही. पुढे जाहीर झाले ते कारण असे : टर्बोचार्जर आणि इंटरकूलर यांच्यामधल्या हवेच्या नळीची जोडणी सदोष झाली, त्यामुळे टर्बोवरचे नियंत्रण गेले. चोवीस तास धडधडलेले अवाढव्य इंजिन शाबूत होते, फक्त हवा चुकीच्या वाटेने निघून गेली.

पंपाने ऑइलऐवजी हवा ओढली, नळीने हवा जपली नाही. ही वाक्ये लिहीत असताना बीड जिल्ह्यातल्या कोणाही वयस्क शेतकऱ्याच्या कानात एक जुना आवाज उमटेल. आता आपण आपल्या विषयाच्या खऱ्या भूमीवर आलो.

बालाघाटच्या डोंगररांगा आणि गोदावरीचे खोरे यांच्या दरम्यान पसरलेला हा जिल्हा काळ्या पाषाणाचा. पाषाणाच्या भेगांत मावेल तेवढेच पाणी. मोटेच्या जागी विहिरीवर ऑइल इंजिन आले ही इथल्या शेतीची यंत्रयुगाशी पहिली घसट. साताऱ्यात कूपरांच्या कारखान्यात इंजिने होत असत. (हेच धनजीशा कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री होते, ही गोष्ट आता कोणाला आठवत नाही.) पुण्यात 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. 1948 नंतर, आणि खेड्यापाड्यांत वीज पोचेपर्यंतच्या काळात, या जाड चाकाच्या, हँडल मारून सुरू होणाऱ्या संथ इंजिनांचा टुक-टुक आवाज म्हणजे शिवारात पाणी असल्याची खूण होती.

या इंजिनांना गार ठेवण्याची पद्धत मोठी सुटसुटीत होती. पंपाने वर आणलेल्या पाण्याचाच एक फाटा काढून तो इंजिनाभोवती फिरवत आणि मग पाटात सोडत. जे पाणी पिकाला, तेच इंजिनाला. वेगळी टाकी नको, रेडिएटर नको. जोवर विहीर भरलेली तोवर व्यवस्था निर्दोष. परंतु विहिरीची पातळी उतरत गेली आणि नळीच्या तळाशी असलेला फूटव्हॉल्व्ह, ज्याला आपल्याकडे बिनदिक्कत 'फुटबॉल' म्हणतात, उघडा पडला की पंप हवा धरतो. वरचे पाणी तुटते. पाणी तुटताच इंजिनाभोवतीचा फाटाही तुटतो. पण इंजिनाला ते कळत नाही, उलट पाण्याचा भार गेल्याने ते अधिक मोकळे धावते. कोणी जवळ नसेल तर ते तापत जाते, पिस्टन फुगतो, लायनरला धरतो आणि सारे जाम होते. 

ईस्ट लंडनच्या मार्गावरचा क्लार्क आणि पाटोदा-आष्टीकडच्या विहिरीवरचे इंजिन यांच्या दुखण्याची संप्राप्ती एकाच जातीची आहे. जो द्रव यंत्राला जगवतो तो संपतो, यंत्र ते ओळखत नाही आणि चालत राहते. फरक इतकाच की शर्यतीच्या गाडीत ऑइल वळणापुरते बाजूला जाते, इथे पाणी खाली जाते आणि परत यायला पावसाळा लागतो. 1972 च्या दुष्काळात विहिरी एकामागून एक तळाला गेल्या तेव्हा इंजिनाचा मेकॅनिक आणि विहीर खोल करणारा सुरुंगवाला हे दोघे एकाच दुखण्याचे दोन वैद्य होते. मेकॅनिक पिस्टन आणि लायनर बदलून देई, सुरुंगवाला फूटव्हॉल्व्ह आणखी खाली सोडण्याची सोय करी. पुढे विजेचे पंप आले, मग बोअरमध्ये बुडालेल्या मोटारी आल्या. त्याही पाण्याबाहेर चालल्या की जळतात. 'मोटार जळाली' हे वाक्य आज इथल्या उन्हाळ्यात इतके सर्वसाधारण झाले आहे की त्यातली भीषणता कोणाला जाणवत नाही. मोटार जळाली याचा अर्थ बहुतेक वेळा पाणी संपले असा असतो, पण वाक्याचा कर्ता मोटार आहे. दुरुस्ती मोटारीची होते.

येथे साहित्याच्या अभ्यासकाने थोडे थांबावे. 1920 मध्ये किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक निघाले ते मुळात कारखान्याच्या मालाची आणि कामाची वार्ता देण्यासाठी. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचे रूप बदलत नेले, 'खबर' हा शब्द गळाला आणि 'किर्लोस्कर' हे मराठी मध्यमवर्गाचे मासिक झाले. 'स्त्री' 1930 मध्ये, 'मनोहर' 1934 मध्ये त्याच्या पाठोपाठ आली. आधुनिक मराठी गद्याचा एक मोठा प्रवाह अशा रीतीने नांगर आणि पंप यांच्या ओतशाळेतून निघाला. असे असूनही मराठी गद्यात बंद पडलेल्या यंत्राचे बारकाईने केलेले वर्णन शोधू गेलो तर हाती फार थोडे लागते. मर्ढेकरांपासून यंत्र आपल्या कवितेत आले खरे, पण ते बहुधा युगाचे प्रतीक म्हणून. प्रतीकाला फिल्टर नसतो, त्याचे ऑइल गळत नाही, ते दुरुस्त करावे लागत नाही. ग्रामीण कथेत इंजिन येते तेव्हा पार्श्वध्वनी म्हणून येते. मेकॅनिक हा माणूस, जो लाकडी दांड्याचे एक टोक इंजिनाला आणि दुसरे कानाला लावून बेअरिंगचा आवाज ऐकतो, डॉक्टरइतकीच गुंतागुंतीची अनुमाने करतो आणि त्याची एक ओळही लिहून ठेवत नाही, त्याची बुद्धी आपल्या कथेला आकर्षक वाटली नाही, ही माझ्या मते गंभीर उणीव आहे.

भाषेचाही प्रश्न यात आहेच. मराठी विश्वकोशाच्या 1976 मध्ये निघालेल्या पहिल्या खंडात अंतर्ज्वलन-एंजिनावर विस्तृत नोंद आहे, तिथे पिस्टनला 'दट्ट्या' म्हटले आहे. शब्द देशी आहे, ठसठशीत आहे. गॅरेजमध्ये मात्र तो कोणी वापरत नाही. तिथे पिस्टन धरतो, रिंगा जातात, नोझल चोक होते, हेड गॅस्केट उडते, इंजिन ऑइल खाते, पंप हवा धरतो. नामे इंग्रजी, पण क्रियापदे पाहा : धरणे, जाणे, खाणे, उडणे. निदानाचा सगळा भार क्रियापदांवर आहे, आणि ती अस्सल मराठी आहेत. 'इंजिन ऑइल खाते' या तीन शब्दांत रूप आणि संप्राप्ती दोन्ही सामावतात. परिभाषा घडवताना आपण नामांच्या मागे लागलो आणि क्रियापदांकडे पाहिले नाही. भाषाविज्ञान शिकवणाऱ्यांनी एखादे गॅरेज क्षेत्रकार्यासाठी निवडावे, असे सुचवण्याचा मोह आवरत नाही.

न थांबणाऱ्या यंत्राचे स्वप्नही या भूभागाला अपरिचित नव्हते. भास्कराचार्याने 1150 च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त एका स्वयंवह चाकाचे वर्णन केले आहे. चाकाच्या आऱ्या पोकळ, त्यांत अर्धा पारा, पारा सरकत राहील आणि चाक आपले आप फिरत राहील. भास्कराचार्याने स्वतःचे गाव विज्जडविड असे सांगितले आहे. ते म्हणजे बीड, असे मत काही अभ्यासकांनी मांडले. चाळीसगावजवळच्या पाटण येथील त्याच्या नातवाचा शिलालेख मात्र आपल्याला खानदेशाकडे ओढतो, आणि ग्रंथातला सह्य पर्वताचा उल्लेखही बीडला फारसा अनुकूल नाही. जिल्ह्याच्या अभिमानाने हा वाद सुटणार नाही. चाकाचे मात्र निश्चित सांगता येते : ते फिरणार नाही. एका बाजूचा पारा जितका ओढतो तितकाच दुसऱ्या बाजूचा अडवतो, आणि उरलेसुरले घर्षण संपवते. द्रव सरकल्याने यंत्र सदैव चालेल, ही भास्कराचार्याची कल्पना. द्रव सरकल्यानेच यंत्र मरते, हा शर्यतीच्या मार्गावरचा अनुभव.

दुसरा भास्कर मात्र निःसंशय बीडचा. शहराजवळची खजाना बावडी निजामशाहीतल्या मुर्तझाच्या काळी, 1582 च्या सुमारास, जहागीरदार सलाबतखानाने बांधवली, आणि तिचा स्थापती म्हणून राजा भास्कराचे नाव सांगतात. ही विहीर उपसावी लागत नाही. जमिनीचा उतार ओळखून भुयारी कालव्याने पाणी आपल्या वजनानेच शेतांपर्यंत नेले आहे. मोट नाही, पंप नाही, फुटबॉल नाही. जे फिरतच नाही ते जामही होत नाही. पाणी टिकवून धरण्याबद्दल तिची ख्याती आहे.

तिच्याच जिल्ह्यात परळी वैजनाथला औष्णिक वीज केंद्र आहे. तिथला पहिला संच 1971 चा. केंद्र हे शेवटी एक प्रचंड इंजिनच. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, वाफेने टर्बाइन फिरवायचे आणि वाफ पुन्हा थंड करायची. फेब्रुवारी 2013 मध्ये 1,130 मेगावॅटचे हे केंद्र बंद करावे लागले. कोळसा संपला नव्हता, टर्बाइन मोडले नव्हते. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून येणारे पाणी संपले होते. 2015 मध्ये पाण्यावाचून ते पुन्हा थांबले. विहिरीवरच्या इंजिनाचीच ही संप्राप्ती, फक्त आकार बदललेला. आणि इथे क्लार्कच्या वॉशरचा प्रश्न पुन्हा उभा राहतो की दोर कुठे तोडायचा? पाऊस कमी पडला येथे तोडला तर निदान आकाशावर जाते आणि कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही. पुढे ओढला तर तो पैठणच्या जायकवाडीला पोचतो, तिथून वर नाशिक आणि अहिल्यानगरच्या धरणांना, खाली आपल्याच शिवारातल्या उसाला. खोऱ्यातल्या पाण्याच्या समन्यायी वाटपाची तरतूद असलेला जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा 2005 चा आहे, म्हणजे परळी थांबण्याच्या आठ वर्षे आधीचा. पूर्वरूपे दिसत होती, आलेखावर खळगे होते.

वर्तमानपत्रांनी त्या वेळी 'परळीचे केंद्र बंद पडले' असे लिहिले. कर्ता पुन्हा केंद्रच. एप्रिल 2016 मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणले गेले. लोकांना आराम पडला, म्हणजे उपशय झाला. वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडावे की नाही याचा वाद तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात चालूच होता.